पहिल्या वर्षी मरायचं

पहिला नियम द्राहोमिरानं सांगितला
सुईत दोरा ओवता ओवता :
चष्मा काढून ठेवायचा.
अठराशे पाचच्या शिपायाकडे
असली फ्रेम नव्हती.
दुसरा : मशीनची शिवण चालेल,
पण आतून, कुणाला दिसणार नाही अशी.
तिसरा तिनं सांगितलाच नाही,
माझ्या बुटांकडे नुसती बघत राहिली.

मी ब्रनोच्या डेपोत ट्रामचे ब्रेक तपासतो.
बावन्नाव्या वर्षी काजं करायला शिकलो.
कोट नि गेटर मिळून बावीस,
अख्खा ऑक्टोबर, स्वयंपाकघराच्या दिव्याखाली.
पहिली सहा उंदरानं कुरतडल्यासारखी.
सातव्यापासून जरा बरी.
बाविसावं
मी खिडकीशी नेऊन पाहिलं, दोनदा.
बहीण फोनवर म्हणाली,
या वयात माणसं मोटारसायकल घेतात.

बंदूक उसनी, टोपीही उसनी.
टोपीच्या आत आधीच्याचं नाव पेन्सिलीनं,
त्याच्या वर त्याच्याही आधीच्याचं, खोडलेलं.
आम्ही ऑस्ट्रियाच्या बाजूचे,
म्हणून कोट पांढरा आणि हुकूम जर्मन.
मला शाळेत शिकवलेलं रशियन येतं.
शेजारचा वळला की मी वळतो.

रात्री शेकोटीशी, कांद्याचं सूप पितापिता
कॉर्पोरल ओताकर
(एरवी दातांचा डॉक्टर)
म्हणाला, नवा माणूस पहिल्या वर्षी मरतो.
दारूगोळा वाचतो,
आणि त्याला कवायत येत नाही हे झाकलं जातं.
मरायचंही शास्त्र आहे :
पालथं पडू नये, नाकात चिखल जातो.
घोड्यांच्या वाटेत पडू नये.
आणि जागा सकाळीच हेरून ठेवावी,
कोरड्या जागा लवकर भरतात.

सकाळी धुकं. नांगरट गोठून दगड झालेली.
चष्म्याविना शत्रू म्हणजे
दोरीवर वाळत घातलेलं निळं कापड,
वाऱ्यानं जवळ जवळ येणारं.
छान दिसत होतं, खरं सांगतो.
मग तोफ झाली
आणि ती कानांत नाही, दाढांत ऐकू आली.
तिसऱ्या फैरीला पडायचं ठरलं होतं.
मी दुसरीलाच पडलो.
ते पडणं नव्हतं, दचकणं होतं.
कुणाला कळलं नाही.

शेजारी लिबोर मेला होता.
ओठ न हलवता म्हणाला, पोटरीत गोळा आलाय.
मी म्हटलं, गप, मेलायस तू.
दोरापलीकडे एक मूल :
बाबा, तो हलला.
नाही रे, वारा आहे.
त्या बापाचं म्हणणं खरं ठरावं म्हणून
मी श्वास धरून पडलो,
जितका धरवला तितका.

लांबचं मला दिसत नाही,
वीतभर अंतरावरचं लख्ख दिसतं.
गव्हाचे चार कोंब, दंव बसलेले.
गोगलगाईचा रिकामा शंख.
एका ढेकळाची सावली.
इथे जो कुणी खरोखर पडला असेल
त्याच्याही डोळ्यांसमोर शेवटी
एवढंच
असं काहीतरी मनात जुळत होतं,
तेवढ्यात बिगुल वाजला :
मेलेल्यांनी उठावं.

उठलो. पांढरा कोट एका अंगानं शेताच्या रंगाचा.
लोक टाळ्या वाजवत होते,
आम्ही गुडघे झाडत होतो.
मोजली तर बटणं एकवीस.
चष्मा लावून पुन्हा त्याच जागी गेलो,
माझ्या आकाराचं दंव वितळलेलं होतं तिथे,
बटण नव्हतं.
शेताची मालकीण, हेडविकाबाई,
बांधावर ट्रॅक्टरला टेकून उभी.
म्हणाली, राहू दे. वसंतात फाळाला लागेल.
दरवर्षी लागतात.
तुमची कुठली नि त्यांची कुठली
मला नाही ओळखता येत,
डब्यात टाकते सगळी.

परतताना गाडीत कुणी बोलत नव्हतं.
हातांना गंधकाचा वास,
सोमवारी तो वंगणाखाली जाईल.
ओताकरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.
चांगला मेलास, म्हणाला.
पुढच्या वर्षी तुला जखमी करू.